सोंसोगड राहिला बाजूला, सॅडल पीक चढून आलो

आम्ही साखळीचे. सत्तरी म्हणजे आमचं परसदारच म्हणा, आणि गोव्यातलं सगळ्यात उंच शिखर सोंसोगड, ११०० मीटरच्या वर, ते त्याच सत्तरीत, पण आमच्या घरातल्या एकानेही ते अजून चढलेलं नाही. दर दिवाळीत ठरतं, दर जानेवारीत राहतं. आणि हेच आम्ही चौघं, मी, नवरा, दीर आणि जाऊ, सरळ रेषेत दोन हजार किलोमीटर लांब जाऊन अंदमानचं सगळ्यात उंच शिखर चढायला गेलो, ज्याची उंची ७३२ मीटर! सासूबाई म्हणाल्यासुद्धा, इथले डोंगर संपले काय रे. त्यावर नवऱ्याने, ते नॅशनल पार्क आहे आई, असं काहीतरी पुटपुटलं.

नवऱ्याने कुठेतरी फोटो बघितलेला, हिरवागार डोंगर आणि पायथ्याशी थेट समुद्र. सॅडल पीक नॅशनल पार्क, उत्तर अंदमान, डिगलीपूरजवळ. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून जायचं ठरलं, दीर आपणहून चिकटला, आणि जाऊ म्हणाली तुम्हा तिघांना तिकडे सोडून मी इथे काय करू. तयारी काय, तर महिनाभर सकाळी हरवळ्याच्या धबधब्यापर्यंत चालत जायचं आणि येताना भाजी-पाव खायचा.

दिवस पहिला

गोव्यातल्या मोपा विमानतळावरून चेन्नई, चेन्नईला चार तास खुर्चीत वाळत बसून मग पोर्ट ब्लेअर. २०२४ मध्ये नाव बदलून श्री विजयपुरम झालंय पण टॅक्सीवाला, चहावाला, हॉटेलवाला सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणतात तर मीही तेच लिहिते. पहिली गंमत म्हणजे उजेड. घड्याळ आपलंच, पण सूर्य आपल्याहून सव्वा तास पुढे. पाचला काळोख पडायला लागला तेव्हा आम्ही चहा शोधत होतो आणि लोक दुकानं आवरत होते.

सेल्युलर जेल बघितला. सात पाकळ्यांतल्या तीनच उरल्यात. सावरकरांच्या कोठडीपाशी आमच्यासारखीच मराठी माणसं होती, पुणे-सांगलीची, एक आजोबा चप्पल काढून उभे होते. मला मात्र सासऱ्यांची आठवण झाली. त्यांच्या तोंडी काळं पाणी म्हणजे अंदमान नाही, पोर्तुगाल. गोवा मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे १९५५ ला पकडले गेले ते १९६९ ला सुटले, म्हणजे गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटली तरी माणूस तिकडे तुरुंगातच, हे ते इतक्यांदा सांगायचे की आम्ही मान डोलवायचो आणि ऐकायचो नाही. इथे त्या कोठडीच्या दारात उभी राहिले आणि ते नीट ऐकायला हवं होतं असं वाटलं.

दिवस दुसरा

हा दिवस निव्वळ गाडीचा. पहाटे अडीचला उठून तीनला निघालो कारण जिरकाटांगच्या गेटवर लवकर नंबर लावायचा असतो. तिथून पुढे जारवा आदिवासींचं राखीव जंगल. गाड्या एकेकट्या सोडत नाहीत, ठरलेल्या वेळी ताफ्याने सोडतात, पुढे-मागे पोलिसांची गाडी. थांबायचं नाही, फोटो नाही, खायला-प्यायला काही द्यायचं नाही. ड्रायव्हरने आमचे चारही मोबाईल मागून घेतले आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले, मला ते आवडलं. पुढच्या गाडीतला एकजण मात्र काच अर्धी खाली करून मोबाईल बाहेर धरून बसला होता, काही दिसलं तर पटकन काढायला. त्यांच्या घरातून रस्ता काढलाय आपण आणि वर फोटोही हवेत. ती पन्नासेक किलोमीटर मी खिडकीतून झाडंच बघितली.

मिडल स्ट्रेटला गाडीसकट बोटीत. तिथले लोक त्याला वेहिकल फेरी म्हणतात, आमच्या दिराला एकदम घरी आल्यासारखं झालं, चोडणची फेरीबोट, तोच डिझेलचा वास, तशीच ती लोखंडी फळी धाडकन खाली पडणार, तशीच स्कूटरवाल्यांची आधी चढायची घाई. फरक एवढाच की इथे काठावर मगरीची पाटी.

पुढे बाराटांग, कदमतला, रंगत. रस्त्याचं काम अधूनमधून चालू, तिथे लाल धूळ अशी की खाणी चालू होत्या तेव्हाचा उसगाव-साखळी रस्ताच. दिराचे त्या काळात दोन ट्रक होते, तो धूळ बघून हळवा झाला, मी काच वर केली.

रंगतला जेवण. मासळी ताजी फडफडीत, पण कढी मोहरीच्या तेलातली. जाऊबाईंनी पहिला घास घेऊन बाहेर बघितलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माड, मग ताटात बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, एवढे नारळ आणि कढीत एक चून नाही?" चून म्हणजे आमच्याकडे खवलेला नारळ. वेटर बंगाली होता, त्याला काही कळलं नाही. पण तिथली बरीच वस्तीच मुळी तशी आहे, फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांना इथे जमिनी देऊन वसवलं, म्हणून गावांची नावंही कालीपूर, मधुपूर, दुर्गापूर. माडापोफळींखालून जाताना आमचं कुळागर वाटावं आणि दुकानावरची पाटी बंगालीत.

मायाबंदरच्या बाजूने चेंगप्पा पूल ओलांडला की उत्तर अंदमान. तीनशेहून जास्त किलोमीटर झाले. डिगलीपूरला पोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच आणि मिट्ट काळोख. मुक्काम तिथून अठरा-वीस किलोमीटरवर कालीपूरच्या किनाऱ्याजवळ. पाठ नावाची गोष्ट शिल्लक नव्हती.

दिवस तिसरा

आरामाचा दिवस म्हणून ठरवलेला पण सकाळी पाचपासून एवढं लख्ख की झोपणार कोण. व्हरांड्यात आले आणि समोर तोच! खोगिरासारखा, मध्ये खोलगट, दोन्ही बाजूंना उंचवटा, वर ढगाचा पोतेरा टाकल्यासारखा. नवरा म्हणाला, हा काय, वाघेरीएवढाच तर दिसतोय. वाघेरी तो कॉलेजमध्ये चढलाय, एकदाच, पण त्याच्या बोलण्यात ती दर वर्षी चढली जाते.

एरियल बे जेटीवरून होडीने रॉस आणि स्मिथ बेटांवर गेलो. दोन बेटं आणि मध्ये पांढऱ्या वाळूचा पट्टा, ओहोटीला उघडा पडतो, भरतीला पाण्याखाली. सुंदर आहेच, फोटोत बघितलंय तसंच आहे, त्यामुळे जास्त लिहीत नाही. एक लक्षात ठेवा, वाळूत नुसत्या पायांनी बसू नका. सँडफ्लाय म्हणून बारीक किडा असतो, दिसत नाही, चावलेलं कळत नाही, आणि रात्री अशी खाज सुटते की माणूस स्वतःला सोलून काढेल. आम्ही खोबरेल तेल चोपडलं होतं, त्याने थोडा फरक पडला. दिराने नव्हतं चोपडलं.

होडीवाल्याने सांगितलेलं एक मात्र डोक्यात राहिलं. २००४ च्या त्सुनामीच्या भूकंपात अंदमानचा हा उत्तरेकडचा भाग वर उचलला गेला, कायमचा, आणि कितीतरी ठिकाणी पोवळी पाण्याबाहेर येऊन मेली. खाली दक्षिणेकडे उलट, जमीन खचली आणि समुद्र आत आला.

रात्री कालीपूरच्या किनाऱ्यावर कासव. या एका किनाऱ्यावर चार जातींची कासवं अंडी घालायला येतात, ऑलिव्ह रिडले, ग्रीन, हॉक्सबिल आणि ते अवाढव्य लेदरबॅक. आम्हाला ऑलिव्ह रिडले दिसलं. वनखात्याचा माणूस पुढे, टॉर्च बंद, बोलायचं नाही. काळोखात आधी आवाज आला, फसक... फसक... ओली वाळू मागे टाकल्याचा. मग डोळे सरावले. मागच्या पायांनी खड्डा करत होती, एक पाय आत घालायचा, वाटीत वाळू घेतल्यासारखी उचलायची, बाजूला ठेवायची, मग दुसरा पाय. किती निगुतीने, आमची आजी मोदकाच्या कळ्या काढायची तसं. मग अंडी पडायला लागली, पिंगपाँगच्या चेंडूसारखी पांढरी, दोन-दोन तीन-तीन. जाऊ माझा हात धरून उभी होती, तिचा हात गार पडलेला. आपल्याकडे मोरजी, आश्वे-मांद्रे, आगोंद, गालजीबागलाही याच जातीची कासवं येतात, पण मोरजीला मी गेले होते ती बर्थडे पार्टीला, शॅकमध्ये, कानठळ्या बसवणाऱ्या गाण्यांत, आणि शंभर मीटरवर ती कुंपण घातलेली जागा होती, तिकडे बघितलंही नाही. हे आत्ता लिहिताना लाज वाटते पण आहे ते आहे.

दिवस चौथा, चढाईचा

पावणेसहाला लामिया बेच्या वनखात्याच्या चौकीवर. नावं लिहिली, फी भरली, गाईड घेतला. गाईड पन्नाशीचा, रांचीवाला. तिथे छोटानागपूरकडून जंगलतोडीच्या कामाला आणलेल्या लोकांच्या वंशजांना सगळे सरसकट रांची म्हणतात, उरांव असो मुंडा असो. याचा जन्म इथलाच, रांची बघितलेलीही नाही. बरोबर त्याचा सतरा-अठरा वर्षांचा पुतण्या. गाईडच्या पायात रबरी चप्पल, माझ्या पायात रोजचे वॉकिंगचे बूट, जाऊच्या पायात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली फ्लोटर, आणि नवऱ्याच्या पायात खास ट्रेकिंगचे महागडे बूट. सहा वर्षांपूर्वी घेतलेले, तेव्हापासून पेपरात गुंडाळून माळ्यावर. निघताना आम्हा सगळ्यांच्या पायांकडे एक दयेची नजर टाकली नवऱ्याने.

वाट एका बाजूची आठ किलोमीटर. पहिला भाग किनाऱ्याकडेने, कधी वाळू, कधी गोल गुळगुळीत दगड, मध्येच जंगलात शिरायचं, एखादा ओहोळ ओलांडायचा. किनाऱ्यावर कचरा पडलेला, आणि त्यातल्या बाटल्यांवरची अक्षरं वाचता येईनात, कुठली थाई, कुठली बर्मी. समुद्राने आणून टाकलेला परदेशी कचरा. गाईड म्हणाला ओहोळाच्या तोंडाशी रेंगाळू नका, खाऱ्या पाण्यातली मगर असते. झालं, दीर एकदम पुढे पळाला.

दुसऱ्या ओहोळात नवऱ्याच्या डाव्या बुटाने जीभ बाहेर काढली. म्हणजे तळवा पुढून सुटला आणि प्रत्येक पावलाला फटॅक. सहा पावसाळे माळ्यावर, गोव्याची ती दमट हवा, डिंक विरघळून भुकटी झालेला. गाईड काही बोलला नाही, किनाऱ्यावरच्या कचऱ्यातून मासेमारीच्या जाळ्याची निळी नायलॉन दोरी ओढून काढली, दगडावर ठेचून तोडली आणि बुटाला आडवे-तिडवे चार फेरे मारून अशी गाठ मारली की बुटाचं पार्सल दिसायला लागलं. हसू आवरताना माझ्या पोटात कळ आली. नवरा म्हणाला, ग्रिप उलट चांगली आली.

मग चढ. आणि इथे तो ७३२ चा आकडा कळला. आपण सह्याद्रीत कुठेही चढायला जातो तेव्हा अर्धीअधिक उंची गाडीनेच चढलेली असते, चोर्ला घाटात वरपर्यंत गाडी नेऊन मग आपण ट्रेक केला म्हणतो. इथे बुटाला समुद्राचं पाणी लागतं आणि तिथून मीटर सुरू. एक मीटरची सूट नाही. मुळांच्या पायऱ्या, काही ठिकाणी दोर बांधलेले, ओली माती, आणि घाम असा की चष्म्यातून दिसेना.

जंगल मात्र, काय सांगू. गर्जनची झाडं, सरळसोट, पहिली फांदी बघायला मान मागे टाकावी लागते. पडौक, अंदमानचं राज्यवृक्ष, खाली मुळांच्या भिंती एवढ्या की मागे माणूस लपेल. मध्येच वेत, त्याचे आकडे शर्टाला अडकतात, ओढलं की आणखी अडकतात, मागे सरकून सोडवायचं, हे आपल्याकडच्या वेतासारखंच. पण शांतता वेगळी. आमच्या म्हादईच्या रानात गेलं की गवा असेल, अस्वल असेल म्हणून कान टवकारलेले असतात. इथे वाघ नाही, बिबटा नाही, अस्वल नाही, मोठ्यात मोठं म्हणजे रानडुक्कर. हरणं आहेत तीही ब्रिटिशांनी आणून सोडलेली. बेट असल्यामुळे जे पोहून-उडून-वाहून आलं तेवढंच. त्यामुळे आवाज सगळे वरचे, पाखरांचे. एक काळा सुतारपक्षी बघितला, अख्खा काळा, डोक्याला लाल, हा फक्त अंदमानातच असतो. फांदीवर हिरवा सापही दाखवला पोराने, पिट व्हायपर, माझ्या खांद्यापासून हातभर. मी बघितलाच नसता. त्यानंतर मी कुठल्याही फांदीला हात लावला नाही, घसरले तरी चालेल.

साधारण पाच किलोमीटरवर झाडी जरा उघडते आणि खाली समुद्र दिसतो, कालीपूरचा किनारा, लांब बेटं. तिथे पोचलो आणि नवऱ्याच्या उजव्या बुटाने राजीनामा दिला, तळवा पूर्णच निघाला, हातात घेऊन उभा. आता दोरीही नाही. तो खाली बसला. दीर लगेच म्हणाला, दादाला एकट्याला कसं सोडणार, मी थांबतो. तोंड लालबुंद, श्वास भात्यासारखा, पण कारण दादाचं. मी म्हटलं मग सगळेच परतू. तर जाऊ, जी घरी वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालायलाही मला पाठवते, ती म्हणाली, "वहिनी, एवढं आलोय तर बघून येऊया ना काय आहे ते." आणि चालायलाच लागली. पोरगा या दोघांपाशी थांबला, गाईड आमच्याबरोबर.

शेवटचा भाग सरळ अंगावर येतो. तिथे हात-पाय दोन्ही लावले, फांदीला हात न लावायचा निश्चयही मोडला. जाऊ पुढे, एक शब्द नाही, फक्त तिच्या फ्लोटरचा चपक चपक आवाज, मी त्या आवाजामागून. वर जाताना झाडं बुटकी होत गेली, खोडांवर शेवाळं, हवा गार, आणि मग ढगातच शिरलो. अकरा वाजून गेले होते. गाईड थांबला आणि म्हणाला, "बस, हो गया." मी विचारलं, कुठे? म्हणाला, इथेच, याच्या वर काही नाही.

दिसलं काय? काही नाही. चारी बाजूंना पांढरं. केसांवर पाणी जमत होतं. जाऊने पिशवीतून पुडी काढली, जत्रेतलं खाजं, गुळाचं, आलं घातलेलं, चार दिवसांच्या प्रवासात मऊ पडलेलं. गाईडला दिलं, त्याने वास घेतला, खाल्लं, आणखी मागितलं. अंदमानच्या सगळ्यात उंच जागेवर बसून आम्ही तिघांनी पुडी संपवली आणि कागद परत पिशवीत घातला. जाऊ म्हणाली, इथे नारळ नाही ना एकपण. बस एवढंच बोलली.

उतरताना गुडघ्यांनी वाट लावली. दोघा भावांना गोळा केलं तर ते पोराबरोबर मजेत बसलेले, पोराने वेताच्या सालीने बूट बांधून दिला होता. खाली किनाऱ्यावर आलो तेव्हा भरती लागलेली, सकाळी जिथून सुक्या दगडांवरून गेलो तिथे गुडघाभर पाणी, आणि सूर्य डोंगरामागे. ओहोळाच्या तोंडाशी गाईडने आधी दगड मारून पाण्याकडे मिनिटभर बघितलं आणि मग एकेकाला हात धरून पलीकडे नेलं. मिनिटभर म्हणजे किती ते मला तिथे कळलं. पावणेपाचला चौकीवर सही केली.

दिवस पाचवा

कुणालाही जिना उतरता येईना. दुपारी कसेबसे श्यामनगरच्या चिखलाच्या ज्वालामुखीला गेलो, जमिनीतून थंड करडा चिखल बुडबुडतो, ज्वालामुखी हे नाव जरा जास्तच होतं. येताना कल्पोंग नदी लागली, सॅडल पीकवरूनच येते, तिच्यावर ५.२५ मेगावॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प आहे, अंदमानातला पहिला. ज्या ढगात आम्ही खाजं खाल्लं त्याचंच पाणी, असं मी म्हटलं तर दीर म्हणाला, वहिनी आता कविता नको, बाम द्या. डिगलीपूरच्या बाजारात नवऱ्यासाठी रबरी चप्पल घेतली, गाईडच्या होत्या तसल्याच. मिठाईच्या दुकानात गरम रसगुल्ले, त्यावर मात्र जाऊची काही तक्रार नव्हती.

दिवस सहावा-सातवा

तोच रस्ता उलटा, तीच फेरी, तोच ताफा, मग विमान. मोपावर उतरलो, घड्याळात सहा आणि अजून ऊन! सव्वा तास फुकट मिळाल्यासारखा वाटला. सासूबाईंनी विचारलं, काय बघितलं एवढं वर जाऊन? जाऊ म्हणाली, ढग. त्या म्हणाल्या, ते तर चोर्ल्यालाही असतात पावसाळ्यात.

बूट मी डिगलीपूरलाच टाकून द्यायला सांगितले होते. त्याने ते पिशवीत घालून घरी आणले, निळ्या दोरीसकट, वेताच्या सालीसकट. साखळीतल्या चांभाराने बघितले आणि परत दिले. आता पुन्हा पेपरात गुंडाळून माळ्यावर आहेत, सोंसोगडला लागतील म्हणतो.